कथा 1818 पाशी थांबवू नये

श्रोते हो, पेशवाईची अखेर आपणां सर्वांस इतकी पाठ आहे, की शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले तेथपासून आष्टीच्या रणात बापू गोखले पडले तेथपर्यंतची हकिकत मी सांगू लागलो, तर इंदापूरकडील वडीलधारी मंडळी मला मध्येच अडवून पुढली सांगतील. आष्टी त्यांना दूर नाही. परंतु असीरगडाजवळ 3 जून 1818 रोजी दुसरे बाजीराव इंग्रज सेनानी माल्कमच्या स्वाधीन झाले, की आपली कथा संपते आणि शाळेत मास्तर खडू खाली ठेवतात. माझी तक्रार या थांबण्याविषयी आहे. राज्य 1818 साली गेले. घर बसले ते 1851 साली. मधली बत्तीस-तेहतीस वर्षे आपण कोणाच्या खाती टाकली?

बारामतीकरांनी तर हे विसरू नये. बाळाजी विश्वनाथांची कन्या भिऊबाई बारामतीच्या आबाजी नाईक जोशांना दिलेली. ज्या बाबूजी नाइकांच्या आश्रयाने मोरोपंत कऱ्हेकाठी काव्य रचीत राहिले, त्यांची ती भावजय, आणि दुसऱ्या बाजीरावांच्या आजोबांची सख्खी बहीण. बाबूजींनी पेशव्यांशी उभा दावा मांडला, सावकारीचा तगादा लावला, हे खरे. पण सोयरीक ती सोयरीक, आणि सोयऱ्याचे घर उठले म्हणजे त्याची विचारपूस करण्याची आपल्याकडे रीत आहे.

कानपुराजवळ गंगातीरी विठूर, म्हणजेच ब्रह्मावर्त. तेथे सालिना आठ लाख रुपयांची नेमणूक, लहानसा जहागिरीचा टापू आणि नजर ठेवावयास कंपनीचा कमिशनर, एवढ्यावर बाजीरावांनी संसार मांडला. त्यांच्यामागून भिक्षुक, कारकून, आचारी, शागिर्द यांची कुटुंबेच्या कुटुंबे गेली. धाकटे बंधू चिमाजीअप्पा काशीस राहिले, आणि ते वारल्यावर त्यांच्या पदरचे मोरोपंत तांबे आपली लहानगी मुलगी घेऊन विठुरास आले. ती मुलगी कोण, हे सांगावयास नको. वेणगावच्या भटांचा धोंडोपंत 1827 साली दत्तक झाला, तेच नानासाहेब.

आता नीरेच्या डाव्या कालव्यावरील श्रोत्यांना विचारतो. ज्याच्या मळ्यात स्वतःची विहीर आहे तो मोट केव्हा जुंपावी हे स्वतः ठरवितो. ज्याचे रान पाटावर आहे तो पाटकऱ्याच्या तोंडाकडे पाहतो. मुलखाचा वसूल ही पेशव्यांची विहीर होती, ती गेली. नेमणूक हे पाटाचे पाणी. पाळी चालू आहे तोवर ऊस हिरवागार दिसतो आणि बांधावरून पाहणारा म्हणतो, या गृहस्थाचे बिघडले तरी काय! विठुरात वरचे वाफे बाजीरावांचे व त्यांच्या कुटुंबीयांचे, मग चारीने खाली कारभारी व कारकून, आणि अगदी शेवटच्या सऱ्यांत यज्ञासाठी लाकडे फोडणारा गडी आणि मुदपाकखान्यात पाणी भरणारी बाई. 28 जानेवारी 1851 रोजी बाजीराव वारले आणि गव्हर्नर जनरल डलहौसीने नेमणूक बंद केली, दार पाडले. दार पडले म्हणजे कोणाचे रान आधी वाळते, हे इंदापूरच्या शेवटच्या गावांना मी काय सांगावे?

बाजीरावांचे दोष मी झाकीत नाही. ज्या कंपनीने राज्य घेतले तिलाच काबूलच्या लढाईत त्यांनी पाच लाख रुपये कर्जाऊ दिले, हे वाचून माझे मन अजून विषण्ण होते. पण त्यांच्या दोषाचा दंड त्या पाणी भरणाऱ्या बाईने का भरावा? माल्कमच्या अटींत नेमणूक बाजीरावांच्या व त्यांच्या कुटुंबाच्या निर्वाहासाठी असल्याचे लिहिलेले असता, पेशव्यांना एकंदर अडीच कोटी पोहोचले आहेत, वारसांसाठी शिल्लकही पुष्कळ आहे, असा हिशेब डलहौसीने पुढे केला. नानासाहेबांनी अर्ज केले, आपले वकील अजीमुल्लाखान यांस विलायतेस पाठविले, व्यर्थ गेले. नानासाहेबांचा पुढला पराक्रम व त्यांच्यावरील आरोप यांचा विचार करणारे लोकसुद्धा या बंद झालेल्या दारापाशी क्षणभर थांबत नाहीत, म्हणून पुन्हा म्हणतो: राज्य 1818 साली गेले, घर 1851 साली बसले. दोन तारखा निराळ्या आहेत. त्यांची एक करू नका.

पुढे सत्तावनचा उठाव झाला, डिसेंबर 1857 मध्ये इंग्रजी फौज विठुरास आली, वाडा जमीनदोस्त झाला, आणि शिपायांनी वाड्यातील विहिरीचे पाणी रात्रंदिवस उपसले. तळाच्या चिखलातून सोन्याचांदीची ताटे आणि रुपयांनी भरलेल्या पेट्या वर आल्या. तोवर घरातील बायका बाहेर पडल्या होत्या. बाजीरावांच्या विधवा आणि नानासाहेबांच्या पत्नी काशीबाई यांना अखेर नेपाळात जंगबहादुरांच्या आश्रयाने राहावे लागले, आणि जे घराणे एकदा पुण्याहून उठले होते ते दुसऱ्यांदा उठले. या बायकांविषयी अधिक सांगावे असे मनात होते, त्यांच्यासंगे गेलेल्या दासींविषयी तर खासच, परंतु समोर घड्याळाचा काटा मला आवरते घ्यावयास सांगत आहे.

एक मात्र सांगतो. तुमच्या माळ्यावर मोडी कागदांची बोचकी असतील तर ती बंबात घालू नका. कोणाचा चुलत पणजोबा ब्रह्मावर्तास गेला असेल, त्याचे एखादे पत्र... असो. मास्तर मंडळींनी निदान उद्याच्या तासाला फळ्यावर 1818 च्या खाली 1851 लिहावे.