सुट्टी : रिकामा काळ की मोकळा काळ?

(सुवर्ण महोत्सवी वर्षातील विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संक्षेप)



आपल्या परीक्षा नुकत्याच संपल्या आहेत. वर्षभराच्या श्रमानंतर विश्रांती हवीच. तिला माझा विरोध नाही. परंतु थकवा आठवड्यात जातो आणि सुट्टी दीड महिना उरते. या उरलेल्या दिवसांचे आपण काय करणार, एवढाच माझा प्रश्न आहे. जैन दर्शनात 'समय' हे काळाचे सर्वांत सूक्ष्म एकक मानले आहे, आणि तेवढाही काळ प्रमादात घालवू नकोस, असा उपदेश भगवान महावीरांनी गौतमस्वामींना केल्याचे उत्तराध्ययन सूत्रात आले आहे. ज्यांना 'समय' मोलाचा वाटला, त्यांच्या अनुयायांनी दीड महिना मोबाईलच्या पडद्यावर सोडून द्यावा काय?

उदाहरणासाठी दूर जाण्याचे कारण नाही. पेण तालुक्यातील गागोदे येथे १८९५ साली जन्मलेल्या विनोबा भावे यांनी १९१७ मध्ये गांधीजींच्या आश्रमातून एक वर्षाची रजा घेतली. तेव्हा ते एकवीस वर्षांचे, म्हणजे आपल्यातील पदवीच्या विद्यार्थ्यांच्याच वयाचे होते. वाईला नारायणशास्त्री मराठे यांच्याकडे त्यांनी उपनिषदे, ब्रह्मसूत्रे यांचे अध्ययन केले. इतरांना गीता विनामूल्य शिकविली. सुमारे ४०० मैल पायी फिरून महाराष्ट्र पाहिला. विद्यार्थ्यांसाठी वाचनालय काढले; आणि त्यासाठी वर्गणीची वही न फिरविता, विद्यार्थ्यांसह जात्यावर लोकांचे धान्य दळून दिले. दोन शेरांना एक पैसा हा दर, आणि ती सर्व कमाई वाचनालयाला! वर्ष सरताच ते ठरल्याप्रमाणे आश्रमात परतले. तत्पूर्वी वर्षभरात काय केले, याचा तपशीलवार हिशेब त्यांनी गांधीजींना पत्राने कळविला होता.

मित्रांनो, विनोबांच्या बुद्धीची बरोबरी आपण करू शकणार नाही. पण त्यांची पद्धत आपल्या हातची आहे. काही शिकणे, काही शिकविणे, काही पाहणे, काही श्रम करणे आणि शेवटी हिशेब देणे. व्यापारी घरांतील आपल्या मुलांना हिशेबाचे महत्त्व मी काय सांगावे? रोजमेळ पैशांचा लिहितो, तसा या सुट्टीत दिवसांचा लिहा.

आपला परिसर तर उघडे विद्यापीठच आहे. पेण, हमरापूर, जोहे येथील गणपतीच्या कारखान्यांत उन्हाळा हा धांदलीचा काळ. पावसाळ्याच्या आत मूर्ती सुकवून घ्यायच्या असतात. तेथे कलेच्या विद्यार्थ्याला रंगकाम आणि डोळ्यांची आखणी पाहता येईल. वाणिज्याच्या विद्यार्थ्याने मात्र विचारावे की, काम बारा महिने आणि विक्री एका हंगामात, तर खेळते भांडवल येते कोठून? पुस्तकातील धडा तेथे जिवंत होईल. रोह्याजवळ धाटावला रासायनिक कारखाने आहेत. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने रीतसर परवानगीने तेथील सांडपाण्यावर कशी प्रक्रिया होते, हे समजून घ्यावे, कारण कुंडलिका आपल्या सर्वांची आहे. आणि ज्याच्या घरी पेढी वा दुकान आहे, त्याने निदान एक महिन्याचे जीएसटी विवरणपत्र स्वतः तयार करून वडिलांना व सल्लागारांना तपासायला द्यावे.

ज्यांच्या घरात सुट्टी म्हणजे चार पैसे मिळविण्याचा महिना असतो, त्या मुलामुलींना मी विशेष वंदन करतो. त्यांनी कमीपणा मानू नये. त्यांचे काम हे शिक्षणच आहे. ज्यांना ही गरज नाही, त्यांनी दिवसाचा एक तास वस्तीतील धाकट्या मुलांना गणित वा इंग्रजी शिकवावे.

स्वाध्यायाविषयी एकच सूचना करतो. विनोबांच्या प्रेरणेने, भगवान महावीरांच्या २५००व्या निर्वाण महोत्सवाच्या निमित्ताने, सर्व जैन संप्रदायांना मान्य असा 'समणसुत्तं' हा ग्रंथ सिद्ध झाला. श्री. जिनेंद्र वर्णी यांनी त्याचे संकलन केले. त्यात ७५६ गाथा आहेत. रोज १७ गाथा अर्थासह वाचल्या, तर ४५ दिवसांत ग्रंथ पूर्ण होतो. पेणच्या मातीतील एका सुपुत्राच्या आग्रहातून हा ग्रंथ आपल्या हाती आला, आणि आपल्याच घरात तो न उघडता राहावा, ही खंत वाटण्याजोगी गोष्ट आहे.

पालकांनाही विनंती आहे. मुलांची सुट्टी पूर्णपणे शिकवणी वर्गांना विकू नका. मोकळा काळ स्वतः भरण्याची सवय याच वयात लागते. ती न लागलेला मनुष्य पुढे निवृत्तीतही अस्वस्थ राहतो. रोह्याच्या महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे, ते डॉ. चिंतामणराव देशमुख केंब्रिजला निसर्गविज्ञान शिकले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे देशाचे अर्थमंत्री झाले. तरीही संस्कृतची गोडी त्यांनी सोडली नाही आणि 'मेघदूता'चा मराठी अनुवाद केला. ही श्रीमंती कोणत्याही पदाने मिळत नाही. मोकळ्या वेळेतूनच ती साठते.

महाविद्यालय पुन्हा सुरू होईल, तेव्हा कोणी गुण विचारील, कोणी पुढचा अभ्यासक्रम विचारील. सुट्टीचा हिशेब बहुधा कोणी विचारणार नाही. म्हणूनच तो आपण स्वतः एका कागदावर लिहावा आणि आई-वडिलांच्या हाती द्यावा, एवढे बोलून मी आपली रजा घेतो.

जय जिनेंद्र!