मोजणी कुठल्या तारखेपासून?



इस्रायल-पॅलेस्टाईनचा विषय निघाला की आपण आधी बाजू निवडतो, मग तिला सोयीची तारीख. कुणी ७ ऑक्टोबर २०२३ पासून सुरुवात करतो : हमासच्या हल्ल्यात सुमारे १,२०० माणसे मारली गेली. कुणी १९४८ पासून : सुमारे सात लाख पॅलेस्टिनी बेघर झाले. दोन्ही खरे आहे. पण एका अन्यायाने दुसरा न्याय्य ठरत नाही. गाझात मेलेली हजारो मुले कुठल्याच हिशेबात वजा करता येत नाहीत.

कोकणातून गेलेले मराठी बेने इस्रायली तिकडे आहेत, म्हणून इस्रायलचे दुःख आपल्याला जवळचे वाटते. वाटावेच. पण ते तिथेच थांबू नये.

रामी एल्हानन या इस्रायली पित्याची मुलगी १९९७ मध्ये जेरुसलेमच्या आत्मघाती स्फोटात गेली. बस्साम अरामीन या पॅलेस्टिनी पित्याची दहा वर्षांची मुलगी २००७ मध्ये इस्रायली सीमा पोलिसांच्या रबरी गोळीने गेली. सूड मागण्याचा हक्क सर्वांत जास्त यांचा. तरी ते दोघे एकाच व्यासपीठावरून शांततेसाठी बोलतात.

आपण बाजू जरूर घेऊ. पण मेलेल्या लेकराचा धर्म विचारून नको.