वायुनौकेचे वस्त्र
(वार्षिक संमेलनातील भाषण)



ज्या समाजाच्या पूर्वजांनी मागावर बसून संसार चालविले, त्या समाजापुढे आज आम्ही एका नव्या वस्त्राविषयी बोलणार आहोत. हे वस्त्र अंगावर ल्यावयाचे नव्हे. सुमारे २० किलोमीटर उंचीवर महिनोन्महिने तरंगत राहावी, अशा हेलियमने भरलेल्या वायुनौकेचे ते कवच होय.

तेथील हवा जमिनीवरील हवेच्या चौदाव्या हिश्शाइतकीच दाट असते. येथे एक घनमीटर हेलियम सुमारे एक किलो भार उचलतो. तेथे जेमतेम ७५ ग्रॅम. म्हणून नौका प्रचंड करावी लागते व कापडाचा ग्रॅम न् ग्रॅम मोजावा लागतो. परंतु नौकेचा घेर वाढला की तेवढ्याच दाबाने कापडावर येणारा ताणही वाढतो. खरा पेच हाच आहे.

एकट्या कापडाने तो सुटत नाही. म्हणून थरावर थर चिकटवितात. विणलेला थर ताण सोसतो, पातळ पापुद्रा वायू अडवितो आणि बाहेरचा थर प्रखर ऊन व ओझोन यांस तोंड देतो. सुईची शिवण येथे चालत नाही, कारण प्रत्येक छिद्रातून वायू निसटेल. म्हणून सांधे पट्ट्या लावून जोडतात. आणि तेच पुष्कळदा दुबळे ठरतात.

केवळ बळकट धागा निवडून भागत नाही. झायलॉन हा धागा बळात अग्रेसर. तथापि प्रकाश व दमटपणा यांनी तो क्षीण होतो. त्याच्या गोळीरोधक जाकिटांची मान्यता अमेरिकेत २००५ साली काढून घेण्यात आली. म्हणून कित्येक संशोधकांनी बळाने उणा असा व्हेक्ट्रान पत्करला, व त्यासही उन्हापासून आडोसा दिला. शिवाय विणीत धागे एकमेकांवरून जाताना वाकतात. ताण पडताच ते सरळ होऊ पाहतात आणि कापड लांबते. ही गोष्ट विणकरास कोणी शिकवावी लागत नाही!

आपल्या देशातही हा प्रयत्न सुरू झाला आहे. ३ मे २०२५ रोजी मध्य प्रदेशातील श्योपूर येथून संरक्षण संशोधन व विकास संघटनेची वायुनौका सुमारे १७ किलोमीटर उंच गेली व ६२ मिनिटे उडाली. मिनिटांचे महिने व्हावयाचे, तर कापड टिकले पाहिजे.

धोट्याची जाण आपल्या घरी आहे. तिला रसायनशास्त्राची जोड हवी. आपल्या मुलामुलींनी वस्त्रविद्या शिकून या कार्यास हात लावावा, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.