गृहरक्षक दल



अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिरी महाशिवरात्रीस यात्रा भरते. अशा यात्रांतून पोलिसांच्या जोडीस खाकी गणवेशातील जो स्वयंसेवक उभा असतो, त्यासही मुले पोलीसच समजतात. तो गृहरक्षक होय.

मुंबई प्रांतावर दंगलींचे सावट असता, ६ डिसेंबर १९४६ रोजी, गृहमंत्री मोरारजी देसाई यांच्या पुढाकाराने हे दल उभे राहिले. १९४७ मध्ये त्यास कायद्याचे अधिष्ठान लाभले. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर राज्योराज्यीच्या अशा दलांना एकच रूप देण्यात आले. राज्यास महासमादेशक, जिल्ह्यास समादेशक आणि त्याखाली स्थानिक पथके, अशी रचना आहे.

गृहरक्षक हा पगारी नोकर नव्हे. एरवी तो उल्हासनगरचा दुकानदार, अंबरनाथचा कामगार किंवा बदलापूरचा शेतकरी असू शकेल. बोलावणे येताच त्यास पोलिसाचे अधिकार व कायद्याचे संरक्षण मिळते. काम संपले की तेही संपतात. कामावर बोलावलेल्या दिवसांचा भत्ता मिळतो. हे ठाऊक नसल्याने कोणी त्यास ‘अर्धा पोलीस’ म्हणून हिणवितात, ते अनुचित होय.

मतदानकेंद्रात शिक्षक याद्या सांभाळीत असतात, तेव्हा दाराशी पुष्कळदा हाच उभा असतो. नागरिकशास्त्राच्या तासास त्यास शाळेत बोलवावे. त्याचा एरवीचा व्यवसाय कोणता, हे मुलांना त्याच्याच तोंडून ऐकू द्यावे.