लेकरांसोबत लोहगड

घरच्या लहानग्यांना पहिला गड दाखवायचा असेल, तर मी लोहगडच सुचवेन. पुणे-लोणावळा लोकलने मळवलीला उतरायचं. द्रुतगती मार्ग ओलांडला की थोड्याच वेळात भाजे गाव येतं.

लगेच गडाकडे वळू नका. आधी भाजे लेणी बघा. चैत्यगृहात मुलांना मान वर करायला सांगा. छताच्या त्या कमानी दगडाच्या नाहीत, लाकडाच्या आहेत, आणि त्यांना दोन हजारांहून अधिक वर्षं झाली आहेत! हे ऐकून पोरं क्षणभर गप्प होतात, हा माझा अनुभव आहे.

पुढे लोहगडवाडीपासून पायऱ्या लागतात. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा अशी चार दारं एकामागून एक येतात. वाट मुद्दाम नागमोडी ठेवलेली आहे, म्हणजे चढून येणारा शत्रू सतत वरच्या तटाच्या माऱ्यात राही. हे मुलांना तिथंच, वळणावर उभं करून समजवा. माथ्यावरून पश्चिमेला विंचूकाटा दिसतो, विंचवाच्या नांगीसारखी लांब निमुळती सोंड. पावसाळ्यात तिकडे लहान मुलांना नेऊ नका. शेवाळलेल्या पायऱ्यांवर तर हात धरूनच उतरा.

2025 साली हा गड युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. पाणी, गूळ-शेंगदाणे आणि कचऱ्यासाठी एक रिकामी पिशवी, एवढं बरोबर घ्या आणि सकाळच्या लोकलनेच निघा.