फोल्डर माणसाला द्यायचं, की लिंक वाऱ्यावर सोडायची?

आजचा भाग सिरसाळ्यातून. म्हणजे आपला परळी तालुका, बीड जिल्हा. विषय आहे गुगल ड्राइव्हचं फोल्डर दुसऱ्यासोबत शेअर करणं. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? तीन टिंबं दाबली, लिंक कॉपी केली, ग्रुपवर टाकली. झालं! तर त्या ‘झालं’ नंतर काय होतं, तेच आज बोलू.

आधी हे लागतं कुणाला ते बघा. दसरा-दिवाळी झाली की आपल्या भागातली कितीतरी घरं कोयता घेऊन निघतात. कुणाची टोळी सांगली-कोल्हापूरकडं, कुणाची कर्नाटकात. मार्च-एप्रिलपर्यंत आई-वडील फडात, पोरं आजीकडं नाहीतर वसतिगृहात. आणि कागदपत्रं? ती घरातल्या पत्र्याच्या पेटीत. इकडं शिष्यवृत्तीच्या फॉर्मला उत्पन्नाचा दाखला लागतो. तिकडं दवाखान्यात आईचं आधार मागतात. मग पेटी उघडा, फोटो काढा, व्हॉट्सॲपवर पाठवा. चार दिवसांनी तोच फोटो पुन्हा हवा असतो आणि चॅटमध्ये सापडत नाही.

फोल्डर इथं कामाला येतं. घरातल्या एकानं सगळे कागद नीट स्कॅन करून ड्राइव्हवर ठेवायचे आणि ते फोल्डर घरच्यांना शेअर करायचं. पेटी सिरसाळ्यात, पण कागद फडावरही उघडतो. गुगल खात्यासोबत 15 जीबी जागा फुकट मिळते. त्यातच जीमेल आणि फोटोही धरलेले असतात, पण कागदांना जागा लागते ती किती!

काही घरांत याऐवजी एकच जीमेल आणि एकच पासवर्ड चार जण वापरतात. तसं नका करू. एकाचा फोन हरवला की सगळ्यांचं घर उघडं. फोल्डर शेअर केलं असेल तर त्या एकाचंच नाव काढता येतं.

आता मुद्द्याचं. शेअर करायच्या दोन पद्धती आहेत. पहिली, माणसाला देणं. ‘शेअर’ दाबून त्याचा जीमेल पत्ता टाकायचा आणि खाली ‘रिस्ट्रिक्टेड’ तसंच राहू द्यायचं. मग लिंक दहा ग्रुपवर फिरली तरी उघडणार फक्त त्याच खात्यातून. दुसरी, ‘एनीवन विथ द लिंक’. इथं ड्राइव्ह नाव-गाव विचारत नाही. ज्याच्या हातात लिंक, त्याला दार उघडं. तुम्ही पाच जणांना पाठवली. सहाव्याकडं कशी गेली, हे तुम्हाला कळणारही नाही.

लिंक काय करू शकते, हे आपण पाहिलंय. एप्रिल 2023 मध्ये एमपीएससीची गट-ब आणि गट-कची संयुक्त पूर्व परीक्षा होती, 30 तारखेला. त्याच्या आठवडाभर आधी 90 हजारांहून जास्त उमेदवारांची हॉल तिकिटं टेलिग्रामवर फिरली. आयोगानं सांगितलं, हा प्रकार बाहेरच्या एका लिंकमधून झाला, आणि ती लिंक बंद केली. ते प्रकरण ड्राइव्हच्या फोल्डरचं नव्हतं. पण धडा तोच आहे. लिंक बंद करता येते, पण लोकांनी डाउनलोड करून घेतलेलं परत आणता येत नाही.

आणि फोल्डरची एक खोड लक्षात ठेवा. परवानगी फोल्डरला दिली की आतल्या सगळ्याला लागू होते. आज असलेल्या फायलींना, आणि उद्या टाकाल त्यांनाही. समजा, भरतीच्या तयारीच्या नोट्सचं फोल्डर तुम्ही लिंकनं सगळ्यांना उघडं केलं. चांगलं काम केलं. सहा महिन्यांनी घाईत बँकेच्या पासबुकाचा फोटो त्याच फोल्डरात टाकला. आता तो फोटो पण ग्रुपभर उघडा. म्हणून नोट्सचं फोल्डर वेगळं, घरच्या कागदांचं वेगळं. एकात एक ठेवूच नका.

माणसाला देतानाही काय द्यायचं ते ठरवा. ‘व्ह्यूअर’ फक्त बघतो, पण डाउनलोडही करू शकतो हे विसरू नका. ‘कॉमेंटर’ शेरा लिहितो. ‘एडिटर’ फाइल बदलतो, फोल्डरमधून काढून टाकतो, आणि तुम्ही ती मुभा बंद केली नसेल तर पुढं तिसऱ्यालाही शेअर करतो. घरच्या कागदांत बहुतेकांना व्ह्यूअर पुरे. एडिटर एखादाच, जो खरोखर कागद टाकणार आहे.

अजून एक. शेअर केलेल्या फोल्डरात ज्यानं फाइल टाकली, मालक तो. जागा त्याच्या खात्यातली जाते, आणि त्यानं कायमची डिलीट केली की सगळ्यांचीच गेली. ट्रॅशमध्ये ती 30 दिवस राहते, नंतर नाही. मित्रानं टाकलेल्या नोट्स महत्त्वाच्या असतील तर स्वतःची एक प्रत करून ठेवा.

ऑनलाइन केंद्रावर फॉर्म भरायचा असेल तर अख्खं फोल्डर देऊ नका. लागतात तेवढ्याच फायली द्या आणि काम झालं की नाव काढा. केंद्राच्या कॉम्प्युटरवर स्वतःचं खातं उघडलं असेल तर लॉगआउट करूनच उठा. जिथं चालतं तिथं मास्क्ड आधार द्या. त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात, शेवटचे चारच दिसतात. सरकारचं डिजिलॉकर 2015 पासून आहे. तिथं थेट सरकारी खात्याकडून आलेला कागद मूळ कागदासारखाच ग्राह्य धरला जातो. फोटोला तो मान नाही.

तर आज एवढंच करा. ड्राइव्ह उघडा, तुमच्या एकेका फोल्डरची तीन टिंबं दाबा, ‘मॅनेज ॲक्सेस’मध्ये जा. कुणाकुणाची नावं आहेत, वाचा. ज्याचं काम संपलंय त्याचं नाव काढा. घरच्या कागदांवर ‘एनीवन’ दिसलं तर लगेच ‘रिस्ट्रिक्टेड’ करा. पाच मिनिटांचं काम आहे. आणि आई-वडील तोडीला निघायच्या आधी त्यांच्या फोनवर ते फोल्डर एकदा उघडून दाखवा. नुसतं शेअर करून भागत नाही, त्यांना उघडता आलं पाहिजे.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!