तुम्हाला काय आवडतं?

वृद्धाश्रमांतल्या काव्यवाचनांना मी गेली वीसेक वर्षं जातो आहे. कवीला श्रोते हवे असतात आणि हे श्रोते उठून जाऊ शकत नाहीत, असा विनोद आम्ही कवी मंडळी आपापसांत करतो. विनोद बरा आहे, पण त्यात सत्य जरा जास्तच आहे.

आपल्याकडे वृद्धाश्रमात 'कार्यक्रम' असतो म्हणजे काय? कुणाचा तरी वाढदिवस किंवा कुणाची पुण्यतिथी. फळं वाटली जातात, भजन होतं, फोटो निघतो, आजी-आजोबा टाळ्या वाजवतात. देणाऱ्याच्या मनात खोट नसते. पण या साऱ्यात म्हाताऱ्यांना काम एकच उरतं, घ्यायचं. पाहुणे गेले की पुन्हा तीच कॉट आणि तीच खिडकी.

अमेरिकेत एलन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या दोन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. कनेक्टिकटमधल्या एका नर्सिंग होमच्या एका मजल्यावरच्या वृद्धांना सांगितलं गेलं, खोली कशी लावायची ते तुम्ही ठरवा. सिनेमा पाहायचा का, कोणत्या दिवशी, तुम्हीच सांगा. हवं तर एक रोप निवडा आणि त्याला पाणी घाला. दुसऱ्या मजल्यावरही रोपं दिली, सिनेमा दाखवला. पण तिथं वार दुसऱ्यांनी ठरवला आणि पाणी नर्सनी घातलं. तीनच आठवड्यांत पहिल्या मजल्यावरचे लोक अधिक हिंडते-फिरते, अधिक आनंदी दिसू लागले. पुढं दीड वर्षानं त्यांच्यात मृत्यूही कमी आढळले. त्या आकड्यांवर जाणकारांनी नंतर शंका घेतली, तेव्हा मी ते बाजूला ठेवतो. मला ते रोप पुरेसं वाटतं.

त्याच देशात नर्सिंग होममध्ये येणाऱ्या माणसाची माहिती एका सरकारी अर्जात भरतात. २०१० साली आलेल्या अर्जात आवडीनिवडीचेही प्रश्न आहेत. वाचायला पुस्तकं, वर्तमानपत्रं असणं तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं? आवडीचं संगीत? प्राण्यांचा सहवास? हवा चांगली असताना बाहेर जाणं? प्रार्थना? सरकारी कागदावर असे प्रश्न असू शकतात याचं मला, आपले सरकारी कागद भरून भरून, फार अप्रूप वाटलं. अर्ज भरला म्हणजे आवड पुरवली असं तिथंही नसणार. पण निदान विचारलं तरी.

आपल्या २००७च्या ज्येष्ठ नागरिकांविषयीच्या कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधार वृद्धांची सोय होईल असा एक तरी आश्रम असावा, अशी तरतूद आहे. छप्पर, कॉट, जेवण, औषध हे आधी हवंच, यात वाद नाही. पण दुपारी दोन ते पाच त्या माणसानं करायचं काय?

मी विचारू लागलो तेव्हा उत्तरं अगदी साधी मिळाली. एका आजींना मेथी निवडायची होती. स्वयंपाकघरात रहिवाशांना मज्जाव. कुणी घसरून पडलं तर जबाबदारी कोणाची, म्हणून. व्यवस्थापकांना बरीच गळ घातल्यावर जुडी व्हरांड्यात येऊ लागली आणि जुडीभोवती चार बायका. मेथी कशी निवडावी यावरून त्यांचं एकमत आजवर झालेलं नाही. एसटीतून निवृत्त झालेल्या एका ड्रायव्हरकाकांना भजनाला बसायचं नव्हतं, फाटकाशी खुर्ची टाकून रस्ता बघायचा होता. बस्स.

तिथल्या एका चाचांना उर्दू पेपर हवा होता. आश्रमात मराठी पेपर येतो आणि चाचांना मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. ही गोष्ट तीन वर्षांत कुणाच्या ध्यानात आली नव्हती. "शिळा चालेल," म्हणाले. माझ्या घरी उर्दू पेपर येतोच, त्याचा आठवड्याचा गठ्ठा मी नेऊन देतो. शेजारच्या कॉटवर एक निवृत्त गुरुजी आहेत, त्यांना दिसत नाही. चाचा त्यांना बातम्या मराठीत सांगतात. गुरुजींना आधी क्रिकेट हवं असतं आणि चाचा हटकून शेरोशायरीच्या पानापासून सुरुवात करतात. मागच्या खेपेला गेलो तेव्हा दोघांची यावरून चांगलीच जुंपली होती. माझ्याकडे कुणी लक्षच दिलं नाही.